मागे वळायला मनाई

खो-खोत बसणाऱ्या संघाचा जो गडी उठून पाठलाग करतो, त्याला दोन गोष्टींची मनाई असते. मधली पाटी ओलांडायची नाही आणि एकदा दिशा घेतली की मागे वळायचं नाही. घेतलेल्या दिशेपासून नुसते खांदे काटकोनापेक्षा जास्त फिरले तरी पंचांची शिट्टी वाजते. वळायचंच असेल तर खांबापर्यंत जा, वळसा घाल आणि पलीकडच्या बाजूनं ये. नाही तर बसलेल्या साथीदाराच्या पाठीला हात लावून ‘खो’ दे आणि त्याच्या चौकोनात मुकाट बस. पळणाऱ्याला यातलं काहीच लागू नाही. तो पाटीच्या अल्याड-पल्याड हवा तसा जातो, दोन बसलेल्यांच्या मधून निसटतो, धावता धावता गर्रकन मागे फिरतो. पोलिसानं चोर पकडायचा, पण पोलिसाला मात्र वन-वेनंच जायची परवानगी, असा हा मामला आहे.

शाळेत आपण सगळेच हा खेळ खेळलो, त्यामुळे त्यात डोकं लागतं हे सहसा कुणाला पटत नाही. दम लागतो, पळावं लागतं, गुडघे फुटतात, एवढंच लक्षात राहतं. पण जरा बाजूला बसून बघितलं तर कळतं की ज्याला वळता येत नाही त्याची सगळी अक्कल ‘वळायचं कसं’ यातच खर्च होते. आठ जण पाटीवर बसलेले, एकाआड एक विरुद्ध बाजूंना तोंडं करून. म्हणजे पळणारा ज्या बाजूला निसटला, त्या बाजूला तोंड असलेला साथीदार हुडकायचा आणि नेमक्या त्या घटकेला त्याला उठवायचं. लवकर खो दिला तर पळणारा सावध होतो, उशिरा दिला तर तो पुढे गेलेला असतो. मुद्दाम उशीर करून दिलेला ‘लेट खो’ ही वेगळीच चीज आहे. पळणारा धरून चालतो की हा आता पुढे गेला, खो काही देत नाही, आणि तेवढ्यात मागचा गडी त्याच्या अंगावर उठलेला असतो.

हे सगळं महाराष्ट्रात सर्वात जास्त पोटतिडकीनं कुठे शिकवलं जात असेल, तर माझ्या मते पुण्या-मुंबई-ठाण्याच्या जुन्या मातब्बर मंडळांइतकंच ते धाराशिव जिल्ह्यात. कालपरवापर्यंत याचं नाव उस्मानाबाद होतं. २०२३ मध्ये ते अधिकृतपणे बदललं, पण जुन्या गुणपत्रकांवर, प्रमाणपत्रांवर आणि ट्रॉफ्यांवर उस्मानाबादच आहे. आणि शेळीही अजून उस्मानाबादीच, तिचं नाव कुणी बदलू शकलेलं नाही.

जिल्हा बालाघाटच्या पठारावर, पर्जन्यछायेत. तेरणा, मांजरा, सीना, बोरी ही नद्यांची नावं ऐकायला बरी वाटतात, उन्हाळ्यात त्यांत पाणी शोधावं लागतं. १९७२चा दुष्काळ म्हाताऱ्यांना आठवतो, २०१३चा आणि २०१६चा पोराटोरांनाही. २०१८ मध्ये नीती आयोगानं देशातल्या मागास जिल्ह्यांची यादी ‘आकांक्षित जिल्हे’ अशा गोड नावानं काढली, तेव्हा महाराष्ट्रातले चार जिल्हे त्यात होते : गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि उस्मानाबाद. अशा मुलखात क्रिकेटचं टर्फ, जलतरण तलाव किंवा टेनिसचं कोर्ट यांच्या गप्पा कोण मारणार? खो-खोला २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद जागा लागते, १२० सेंटिमीटर उंचीचे दोन खांब आणि थोडी फक्की. बाकी सगळं पोरांनी आपल्या अंगावर आणायचं.

इथे एक आडवाट घेतो, कारण दुष्काळ आणि खेळ यांचं नातं फक्त आपल्याकडचं नाही. १९७६-७७ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात मोठा दुष्काळ पडला. तिथल्या सुखवस्तू घरांच्या मागे पोहण्याचे हौद असतात, ते कोरडे पडले. लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यावरच्या गरीब वस्त्यांतली काही पोरं चार चाकांच्या फळ्या घेऊन कुंपणावरून आत उड्या मारायची आणि त्या रिकाम्या हौदांच्या गोलाकार भिंतींवर फळ्या चढवायची. तोवर स्केटबोर्ड म्हणजे सपाट रस्त्यावर, ताठ उभं राहून करायच्या नीटनेटक्या कसरती होत्या. १९७५ मध्ये डेल मार इथल्या स्पर्धेत यातलीच काही पोरं उतरली होती, जमिनीला हात टेकवत, गुडघ्यात वाकून, समुद्राच्या लाटेवर स्वार व्हावं तशी. याला गुण द्यायचे तरी कशाचे, हे परीक्षकांना कळेना. पुढे हौदाच्या काठावरून फळीसकट हवेत उडणं आलं आणि सगळा खेळच उभ्या भिंतीवर चढला. फ्लोरिडाच्या अ‍ॅलन गेलफंड या पोरानं हात न लावता फळी हवेत उचलायची युक्ती काढली. त्याचं टोपणनाव ‘ऑली’, म्हणून त्या उडीचंही नाव ऑली. रॉडनी मुलन यानं ती सपाट जमिनीवर आणली आणि आज जगातलं प्रत्येक पोर फळीवर उभं राहिलं की आधी तीच शिकतं.

खो-खोत असं कुणाचं नाव हुलीला किंवा सुराला चिकटत नाही. स्केटबोर्डवाल्यांकडे प्रत्येक युक्तीचा जन्मदाखला असतो, आपल्याकडे युक्ती आहे आणि बाप बेपत्ता. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. पुढे त्यावर येईन.

आधी खांबाचा सूर. धाराशिवातल्या एका मैदानावर सकाळच्या सरावात एक तेरा-चौदा वर्षांची मुलगी तो परत परत करत होती, तो असा. पळणारी खांबाजवळ गेली की तिला वाटतं आपण सुरक्षित, कारण मागून येणारीला खांबापर्यंत पोचून वळसा घालावा लागणार, म्हणजे दोन पावलांची उसंत. ही मुलगी वळसा घालतच नाही. पूर्ण वेगात येते, आतल्या हातानं खांबाला वरच्या टोकाशी मिठी मारते, पाय खांबाच्या बुडाशी रोवते आणि बाकी अख्खं शरीर जमिनीला समांतर हवेत सोडून देते. मोकळा हात पुढे, बोटं ताणलेली. खांब तिला धरून ठेवतो, म्हणून ती पडत नाही. फूट-दीड फूट जास्तीची पोच मिळते आणि पळणारीच्या पाठीला बोटांची टोकं लागतात. बघताना हे सेकंदाच्या आत संपतं. शिकताना मात्र आधी नुसतं उभं राहून खांब धरून कलायचं, मग दोन पावलांवरून, मग पाच, मग पूर्ण वेगात. मधल्या काळात काखेखालची कातडी सोलते. खांब गुळगुळीत असावा, त्याला कड असू नये, असा नियम आहे. का आहे, ते त्या मुलीची काख बघितल्यावर लगेच कळतं.

नियमपुस्तकात हा सूर कसा मारावा ते लिहिलेलं नाही. खांब मुळात हद्द दाखवायला आले होते. खेळाच्या सुरुवातीच्या रूपात खांबही नव्हते, मोजमापही नव्हतं, वेळेची मर्यादाही नव्हती. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं पहिले नियम बांधले. १९१९च्या सुमारास मैदान चक्क लंबवर्तुळाकार होतं, मधली रेषा ४४ यार्ड आणि रुंदी १७ यार्ड. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानं त्यात आपली भर घातली. एका काळी एक गडी बाद केला की दहा गुण मिळायचे, पुढे ते एकावर आले. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवायला गेलं, त्यात खो-खोही होता. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली, महिलांची त्यापुढच्या वर्षी कोल्हापूरला.

म्हणजे ‘आपला पारंपरिक खेळ’ म्हणून आपण ज्याची आरती ओवाळतो, त्याचा आकार, गुण, वेळ, हद्द हे सगळं शंभर वर्षांत कितीदा तरी बदललेलं आहे. मी भेटलेल्या जुन्या खेळाडूंपैकी बहुतेकांना परंपरा म्हणजे आपण विशीत खेळलो तो खेळ असंच वाटतं. त्याआधीचा अंडाकृती मैदानाचा खेळ त्यांच्या परंपरेत बसत नाही आणि त्यानंतरचा मॅटवरचा खेळही नाही.

पुण्या-बडोद्यात हे नियम घडत होते तेव्हा उस्मानाबाद निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. सप्टेंबर १९४८ मध्ये मराठवाडा मुक्त झाला. ‘आम्ही आधी खेळलो’ असं सांगायची सोय या जिल्ह्याला नाही. मला वाटतं, ते त्याच्या पथ्यावरच पडलं. जिथे मोठी परंपरा असते तिथे पद्धत ठरलेली असते : आमच्या मंडळात असंच बसतात, असंच उठतात, इथे अशीच हूल मारतात. उशिरा आलेल्याला सगळ्यांकडचं थोडंथोडं उचलता येतं. चौकोनात बसायचंच घ्या. दोन्ही पायांचे चवडे समांतर ठेवून बसायची एक पद्धत आहे आणि एक पाय पुढे, एक मागे ठेवून सुटायची दुसरी, तिला ‘बुलेट’ म्हणतात. पहिलीत दोन्हीकडे सारखं उठता येतं, दुसरीत एका बाजूला गोळीसारखं सुटता येतं. कुठल्या मंडळात कुठली चालते यावरून एके काळी भांडणं व्हायची. मी पाहिलेल्या सरावात मात्र उंचीनुसार, घोट्याच्या लवचिकतेनुसार, अगदी चौकोन कितवा आहे त्यानुसार मुली वेगवेगळ्या बसल्या होत्या. खांबाजवळच्या चौकोनातली बुलेट, मधली समांतर. कुणी कुणाला टोकत नव्हतं.

या जिल्ह्याचं नाव देशभर गेलं ते सारिका काळेमुळे. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीला झालेल्या बाराव्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय महिला संघानं सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा ती कर्णधार होती. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला त्याआधीचा अर्जुन १९९८चा, शोभा नारायण यांचा. बावीस वर्षं या खेळातल्या कुणाचंच नाव त्या यादीत नव्हतं. १९७०च्या दशकात सुधीर परब, अचला देवरे, श्रीरंग इनामदार, उषा नगरकर अशी नावं लागोपाठ यायची. मग ओढा आटला आणि पुन्हा वाहता झाला तो एकदम उस्मानाबादेतून.

पुरस्काराच्या वेळी सारिकानं वृत्तसंस्थेला सांगितलेली एक गोष्ट बऱ्याच जणांनी वाचली असेल : जवळजवळ दहा वर्षं तिला दिवसातून एकदाच जेवण मिळत होतं. खेळायला गेलं की जेवण बरं मिळायचं, म्हणून शिबिरं आवडायची. २०१६ मध्येच पैशांच्या ओढीनं ती खेळ सोडायच्या बेतात होती, खोलीबाहेर येईना. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातली, तेव्हा ती मैदानावर परतली. पुढे तालुका क्रीडा अधिकारी म्हणून तुळजापूरला नोकरी लागली आणि घराला आधार मिळाला.

ही गोष्ट आपण ‘गरिबीवर मात’ या ठरलेल्या खणात टाकून मोकळे होतो. मला त्यात दुसरंच दिसतं. एका दुष्काळी जिल्ह्यातल्या मुलीनं वर्षानुवर्षं मैदानावर जायचं, बसनं परगावी जायचं, शिबिरात पंधरा-पंधरा दिवस राहायचं, यासाठी किती वडीलधाऱ्यांना आपली मतं मुकाट्यानं बाजूला ठेवावी लागली असतील! आजी-आजोबा, आई-वडील, शेजारी, वर्गशिक्षक. अर्ध्या चड्डीत पळणाऱ्या मुलीवरून गावात काय बोललं जायचं, हे मराठवाड्यात वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. मुलींना मैदान मिळणं हा खो-खोतला सर्वात मोठा नियमबदल आहे आणि तो कुठल्याही नियमपुस्तकात छापलेला नाही. तो स्वयंपाकघरात झाला. बहुतेक वेळा तो आयांनी केला आणि बापांना नंतर कळवला.

या जिल्ह्याच्या मोकळेपणाचं आणखी एक उदाहरण संघांच्या याद्यांतच दिसतं. गेल्या काही वर्षांत धाराशिवच्या मुलांच्या संघांत वसावे, वळवी अशी आडनावं दिसतात. ही आडनावं तुळजापूर-कळंबकडची नव्हेत, नंदुरबारकडची, सातपुड्यातल्या आदिवासी गावांतली. राज्याचं एक टोक सोडून दुसऱ्या टोकाला येऊन ही पोरं खेळतात आणि वर्तमानपत्रात ‘धाराशिवचा’ म्हणून छापून येतात. मागासांच्या यादीतले दोन जिल्हे असे एका पाटीवर पाठीला पाठ लावून बसलेले बघितले की ती यादी बनवणाऱ्यांना एकदा मैदानावर आणावंसं वाटतं. स्थानिक पोरांच्या जागा गेल्या म्हणून कुरकुर होत नसेल असं नाही. पण सातपुड्यातल्या पोराला डोंगरउतारावर पळायची सवय असते, त्याचे घोटे वेगळे वळतात आणि त्याच्याबरोबर सराव करणाऱ्या सपाटीवरच्या पोराला त्याची हूल पकडायला नव्यानं शिकावं लागतं. दोघांचाही खेळ बदलतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ५५वी वरिष्ठ गटाची राष्ट्रीय स्पर्धा याच गावात भरली. केरळपासून आसामपर्यंतचे संघ उस्मानाबादेत आले. अशा स्पर्धेचा खरा फायदा ट्रॉफीत नसतो, कुंपणाला नाक लावून बसलेल्या पोरांना होतो. दक्षिणेकडचे संघ साखळी पळताना कसे वळतात, कोल्हापूरकडची मुलं गोलात पळताना केव्हा लय मोडतात, हे त्यांना फुकट बघायला मिळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नक्कल करत असतात. चार नकला फसतात, पाचवी अंगाला बसते आणि बसताना थोडी बदलते. बापाचं नाव मधल्यामध्ये गळून पडतं ते असं. अमेरिकेत ऑली हा ऑलीच राहिला, कारण तिथे मासिकं होती, छायाचित्रकार होते, फळ्या विकणाऱ्या कंपन्या होत्या. आपल्याकडे डोळे होते. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे आणि कोण कुठला सूर मारतो त्याचे तुकडे रात्रीत फिरतात. तेव्हा पुढच्या पिढीत एखाद्या सुराला एखाद्या पोरीचं नाव लागलं तर मला आश्चर्य वाटणार नाही. लागावंच.

मॅटचं मात्र भांडण अजून मिटलेलं नाही. मातीचं मैदान तयार करणं हा एक उद्योग असतो. खडे वेचायचे, माती चाळायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. ज्या गावात पिण्याचा टँकर आठवड्यानं येतो तिथे मैदानावर पाणी मारायचं म्हणजे चोरी केल्यासारखंच वाटतं. मॅटला पाणी लागत नाही. पण मॅट महाग, ती अंथरायला सपाट आणि शक्यतो छताखालची जागा हवी आणि दोन तुकड्यांमधला सांधा जरा उचलला की त्यात बूट अडकून पोर तोंडावर पडतं.

खेळाच्या दृष्टीनं फरक आणखी खोल आहे. मातीत पळणारा थांबतो तो घसरून. पाय थोडा सरकतो, वजन त्यात विरतं आणि त्या सरकण्यातूनच हूल तयार होते : मागच्याला वाटतं हा डावीकडे गेला आणि हा उजवीकडे उठलेला असतो. मॅटवर बूट जागच्या जागी चिकटतो. धाडकन थांबता येतं, तितक्याच झटक्यात सुटता येतं, पण तो सगळा झटका गुडघ्यावर येतो. मातीतली लांब, लयीतली हूल मॅटवर आखूड, तुटक होते. जुने खेळाडू म्हणतात, सौंदर्य गेलं. नवे म्हणतात, वेग आला. दोघांचंही बरोबर आहे. शालेय स्पर्धांसाठी माती आणि मोठ्या स्पर्धांसाठी मॅट, असा दोन्हीचा सराव करणाऱ्या मुली मी बघितल्या. त्यांना विचारलं तर त्या खांदे उडवतात. त्यांच्या लेखी ते पावसाळी आणि उन्हाळी चपलांइतकं साधं आहे.

मग आला वजीर. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत ‘अल्टिमेट खो-खो’ नावाची व्यावसायिक लीग सुरू झाली. सहा संघ, टीव्हीवर थेट प्रक्षेपण, रंगीत दिवे. मैदान लहान केलं, पाळी नऊ मिनिटांची होती ती सातवर आणली, सूर मारून केलेल्या बादला जास्त गुण दिले. आणि पाठलाग करणाऱ्या बाजूला एक ‘वजीर’ दिला. वजिराला दिशेचं बंधन नाही. तो मागे वळू शकतो. ‘पॉवरप्ले’मध्ये असे दोन वजीर.

हेच नियम थोड्या फरकानं जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये झालेल्या पहिल्या विश्वचषकात चालले. भारतीय मुलींनी पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाला १७५-१८ असं हरवलं. खो-खोचा गुणफलक दहा-बाराच्या आत बघत वाढलेल्या माणसाला हा आकडा छपाईची चूक वाटतो. १९ जानेवारीला अंतिम सामन्यात त्यांनी नेपाळला ७८-४० असं नमवलं. कर्णधार प्रियांका इंगळे आणि संघात धाराशिवची अश्विनी शिंदे. सारिकाच्या गुवाहाटीनंतर नऊ वर्षांनी त्याच जिल्ह्यातली मुलगी त्याच निळ्या रंगात, पण खेळ जवळजवळ दुसरा.

सुराला जास्त गुण, हे मला मान्य आहे. जे अवघड आहे, जोखमीचं आहे, त्याचं मोल वाढवलं की पोरं ते करून बघतात. टिकून राहणाऱ्या तुकडीला ‘ड्रीम रन’चे गुण देणं, हेही उत्तम. पळणं ही कला होतीच, आता तिचा हिशेब लागतो. वजीर मात्र माझ्या घशाखाली उतरत नाही. खेळाची सगळी कल्पकता ज्या मनाईतून जन्मली, तीच वजीर काढून टाकतो. ज्याला वळता येतं त्याला खो द्यायची गरज काय? मग ‘लेट खो’ कशाला आणि आठ बसलेल्यांकडे डोळा ठेवायचा कशाला? एक वजीर असेपर्यंत ठीक, दोन झाले की ती शिवाशिवी होते. कोरड्या हौदात पाणी सोडल्यावर ती कॅलिफोर्नियाची पोरं काय करणार होती?

अर्थात, असंच कुणीतरी खांबाबद्दलही बोललं असेल. चौकोनी मैदानाबद्दल तर नक्कीच.

स्केटबोर्डवाल्यांनी या बाबतीत एक गोष्ट साधली आहे, तिचा मला हेवा वाटतो. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे २०२१ मध्ये, हा खेळ पहिल्यांदा आला तेव्हा मुलींच्या स्ट्रीट प्रकारात जपानच्या मोमिजी निशिया हिनं तेराव्या वर्षी सुवर्ण जिंकलं. पार्क प्रकारात जपानचीच मिसुगू ओकामोतो शेवटच्या फेरीत पडली आणि तिचं पदक हुकलं. ती रडत बाहेर आली तर तिच्या प्रतिस्पर्धी मुलींनी तिला खांद्यावर उचलून घेतलं. पॅरिसला २०२४ मध्ये ब्रिटनचा अ‍ॅंडी मॅकडोनाल्ड ५१व्या वर्षी उतरला आणि त्याच मैदानावर मुलींच्या स्पर्धेत चीनची झेंग हाओहाओ ११ वर्षांची होती. हा ५१ वर्षांचा माणूस पोरांना शिकवण देत फिरत नव्हता. त्यांच्यातच रांगेत उभा राहून आपली पाळी यायची वाट बघत होता, त्यांच्यासारखाच पडत होता आणि उठत होता.

महाराष्ट्रातही हा खेळ रुजतो आहे. पुण्याच्या श्रद्धा गायकवाड हिनं २०२२च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत स्केटबोर्डिंगचं सुवर्णपदक मिळवलं, मुंबईत कार्टर रोडवर पोरं संध्याकाळी फळ्या घेऊन जमतात. धाराशिवला तसं मैदान नाही आणि त्याची कुणाला खंतही नाही. खंत असली तर ती वेगळी आहे : आपल्याकडे चाळिशीचा माणूस मैदानावर आला की त्याच्या हातात शिट्टी देतात. तो पंच होतो, मार्गदर्शक होतो, संघटनेचा पदाधिकारी होतो, उद्घाटनाला नारळ फोडतो. पोरींच्या रांगेत बसून खो खायला कुणी तयार नसतं. शरीर साथ देत नाही, हे खरं. पण रांगेत बसलं की जे दिसतं, ते खुर्चीवरून दिसत नाही.

अपवाद आहेत. परवाच्या सरावात एक माजी खेळाडू बाई, आता शिक्षिका, साडीचा पदर खोचून आठव्या चौकोनात बसल्या होत्या. धावायच्या नाहीत, फक्त बसायच्या आणि खो मिळाला की एक पाऊल टाकून पुढच्या मुलीला खो द्यायच्या. पाठीवर थाप कधी पडते, किती जोरात पडते, ओरडणं आधी की हात आधी, हे त्यांना पाठीनं तपासायचं होतं. एका मुलीचा खो त्यांनी तीनदा परत करायला लावला. ती वैतागली. चौथ्यांदा तिनं बाईंना खो देण्याचा आव आणला, हात मागे घेतला आणि पुढे निघून गेली, पुढच्या चौकोनातल्या मुलीला उठवून. बाई जागच्या जागी अर्धवट उठलेल्या. पळणारीही बाईंकडेच बघत होती, ती बाद झाली.

यात बसलेलीनं खो न मिळता उठणं हा नियमभंग होतो, त्यामुळे सामन्यात पंचांनी शिट्टी वाजवली असती. पण ती चूक बाईंची, मुलीची नव्हे. यावर दोघींचा बराच वेळ वाद चालला. शेवटी बाईंनी ती चाल सरावात ठेवायला परवानगी दिली, फक्त त्या चौकोनात आपण नसू तेव्हा.

माझ्या वजिराबद्दलच्या मतावर त्या मुलींपैकी एकीनं सरळ सांगितलं की काकांनी वजीर होऊन एकदा पळून बघावं, बंधन नसलं की उलट दुप्पट डोकं लागतं, कारण सगळं मैदानच उघडं असतं आणि चूक झाली तर दोष द्यायला नियम उरत नाही. मी अजून वजिराच्या विरोधात आहे. ती राज्य संघात गेली आणि टीव्हीवर मला ते दाखवून दिलं, तर बघू.